अंदमानात संसार हलवताय? आधी पाणी बघा, मग सामान भरा

लातूर-नांदेड पट्ट्यातून अंदमानला बदली झालेल्यांचे फोन मला वर्षातून आठ-दहा तरी येतेत. कुणी पोस्टात, कुणी बँकेत, कुणी फौजेत, कुणी कंत्राटी कामावर. आणि प्रत्येकाची चूक जवळपास एकच असते. पहिले ट्रक भरून सामान पाठवतेत, मग घर शोधतेत, मग मार्चमधी पाणी तुटतं तेव्हा टाकी बघतेत, आणि शेजारी कोण राहतंय हे कळायला वर्ष जातं. हा सगळा क्रम उलटा आहे. ह्यांची बदली झाली तेव्हा आम्ही पण असाच उलटा क्रम लावला होता आणि पहिलं वर्ष निव्वळ निस्तरण्यात गेलं, म्हणून आता एकेक टप्पा नीट लिहून ठेवायलेय. फिरायला जाणाऱ्यांसाठी हे नाही, लेकराबाळांसकट दोन-तीन वर्षं राहणाऱ्यांसाठी आहे.

नावाचा घोळ आधीच मिटवते. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मधी श्री विजयपुरम झालं. सरकारी फॉर्मवर नवीन नाव लिहा. बोलताना लोक अजून जुनंच म्हणतेत, आणि तिकीट शोधताना एका नावानं सापडलं नाही तर दुसऱ्यानं बघा.

टप्पा १: निघायच्या दोन महिने आधी कागदं

सामानाला हात लावू नका, आधी कागदं. तिथून समुद्र ओलांडून एका सहीसाठी परत येणं म्हणजे विमानाचं भाडं, शिवाय चार दिवसांची रजा.

गॅस: जुन्या एजन्सीत सिलेंडर आणि रेग्युलेटर जमा करा आणि ट्रान्सफरचं व्हाउचर घ्या. भरलेलं काय, रिकामं सिलेंडर पण सामानात घालायचं नाही. तिथं नवीन कनेक्शन बसेपर्यंत काही दिवस जातेत, तोपर्यंत इंडक्शनची शेगडी कामाला येते.

गाडी: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. ही एनओसी निघायच्या आधी काढा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र पण लागतं आणि बँकेला पंधरा दिवस लागतेत असं धरून चाला. केंद्र सरकारची नोकरी असेल आणि नवीनच गाडी घ्यायची असेल तर बीएच सिरीजचा नंबर मिळतो का बघा, म्हणजे पुढच्या बदलीला ही कटकट राहत नाही.

रेशन कार्ड इथलंच चालतं, एक देश एक रेशन कार्डात अंदमान पण आहे, फक्त घरातल्या सगळ्यांची आधार जोडणी पूर्ण पायजे.

लेकरांची शाळा, इथं मात्र थांबून विचार करा. तिथल्या बहुतेक शाळा सीबीएसईच्या आहेत, वर्ष एप्रिलमधी सुरू होतं, शिकवणं हिंदी नाहीतर इंग्रजीतून. मराठी माध्यमातलं लेकरू पाचवी-सहावीपर्यंत असेल तर सहा महिन्यात रुळतं. आठवीच्या पुढं असेल तर निघायच्या आधीच हिंदी-इंग्रजीतून गणित-विज्ञानाचे शब्द घरी करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक आणि शाळेच्या पोर्टलवरचा पेन नंबर, म्हणजे लेकराचा कायमचा शिक्षण क्रमांक, तिन्ही गोष्टी हातात घेऊनच गाव सोडा.

इशारा: नीटची तयारी करणारं लेकरू असेल तर लई जपून. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास झालेली लागते. केंद्र सरकारी नोकरदारांच्या लेकरांसाठी वेगळी तरतूद असते, पण तिच्या पण अटी आहेत. त्या वर्षीचं सीईटी सेलचं माहितीपत्रक स्वतः वाचा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. लातूरला क्लास लावलेल्या पोराला दहावीनंतर तिकडं नेऊन मग परत आणलेलं घर मी बघितलंय, त्या पोराचं वर्ष गेलं.

टप्पा २: पहिले एकट्यानं जा

ज्याची बदली आहे त्यानं एकट्यानं जावं, दोन सुटकेस घेऊन, आणि निदान तीन आठवडे गेस्ट हाऊस नाहीतर खोली करून राहावं. घरचे म्हणतेत दोनदा खर्च कशाला. पण चुकीचं घर घेऊन सहा महिन्यात सामान परत हलवलं तर त्याला जास्त पैसे लागतेत.

कसं जायचं? विमानं चेन्नई, कोलकाता, हैदराबादहून मिळतेत, आपल्याला हैदराबाद जवळ. जहाज चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून. नांदेडहून विशाखापट्टणमला थेट रेल्वे आहे म्हणून पुष्कळजण तिकडचा विचार करतेत, पण तिथून जहाजाच्या फेऱ्या फार कमी आहेत. रुजू व्हायची तारीख ठरलेली असेल तर जहाजावर भरवसा ठेवू नका. चेन्नईहून तीन दिवसांच्या आसपास लागतेत, आणि हवामान बिघडलं की तारीख पुढं.

कधी जायचं हे हातात असेल तर जानेवारी ते मार्च. समुद्र शांत असतो, हे एक कारण. आणि खरं कारण म्हणजे ह्याच दिवसात पाण्याची खरी परिस्थिती दिसते.

टप्पा ३: घर बघताना पाण्यापासून सुरुवात

हा टप्पा सगळ्यात मोठा, कारण सगळे इथंच फसतेत.

अंदमानात वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस पडतो. आपल्या मराठवाड्यात ७००-८००. म्हणजे चौपट. त्यामुळं आपला माणूस मनातच धरतो की चला, पाण्याची कटकट सुटली. नाही सुटत. बेट उताराचं आहे, पडलेलं पाणी काही तासात समुद्रात जातं, मोठी नदी नाही, जमिनीत साठा कमी. शहराला मुख्य पाणी धनीखारीच्या धरणातून येतं आणि फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत नळ एक दिवसाआड, कधी तीन दिवसाआड, मोजक्याच मिनिटांसाठी. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना बादलीचा हिशोब सांगायची गरज नाही, फक्त तो हिशोब अंदमानात पण करावा लागतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्या पण आलं नव्हतं. आम्ही ऑगस्टमधी घर बघितलं, बाहेर धो धो पाऊस, मालक म्हणले पाण्याची काही अडचण नाही, आणि मी पुढचा प्रश्नच विचारला नाही. वर ५०० लिटरची टाकी, ती पण दोन घरात मिळून. मार्चमधी पहाटे चारला उठून पातेल्यापासून तपेलीपर्यंत सगळं भरून ठेवायचे.

घर बघायला गेल्यावर हे प्रश्न ह्याच क्रमानं विचारा, आणि मालकाला विचारून झालं की तेच प्रश्न शेजारच्या घरात जाऊन परत विचारा:

१. मार्च-एप्रिलमधी नळ किती दिवसांनी येतो आणि किती वेळ? पहाटे येतो का दिवसा?

२. जमिनीतली टाकी किती लिटरची, वरची किती लिटरची, आणि त्यात वाटेकरी किती? चार माणसांना काटकसरीनं माणशी १०० लिटर धरलं तर तीन दिवसाचे १२०० लिटर होतेत. म्हणजे तुमच्या एकट्याच्या वाट्याला १५०० ते २००० लिटर साठा नसेल तर घर कितीही सुंदर असू द्या, सोडा.

३. पत्र्याचं पाणी टाकीत घ्यायला पन्हळ आणि पाइप लावलेत का? नसतील तर लावू देतेत का? पावसाळ्यात धुणं, फरशी, संडास सगळं ह्याच पाण्यावर निघतं.

४. टँकर दारापर्यंत चढतो का? रस्ते चढ-उताराचे आहेत, टँकर खालीच थांबला तर वर पाणी नेणार कोण?

५. मोटर चालवायला लाइट कधी जाते? वीज बरीचशी डिझेलच्या जनरेटरवर आहे, आणि नळ आलेला असताना लाइट गेली तर तो दिवस वाया.

पाण्याचं झालं की मग ओल. भिंतीला हात लावून बघा, कपाटाच्या मागं बघा, खोलीत आरपार हवा खेळते का बघा. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून कुणी जास्त भाडं सांगत असेल तर तुम्ही उलट मागं सरका. खारं वारं पंखा, फ्रिज, गाडीची चेन, दाराच्या बिजागऱ्या सगळं खातं. आणि समुद्राच्या पातळीतल्या घराचा दुसरा धोका टप्पा ६ मधी सांगते.

तपासा: करार लिहून घेतला का, त्यात पाण्याचा आणि टँकरच्या खर्चाचा उल्लेख आहे का, पोलीस ठाण्यात भाडेकरू म्हणून नोंद झाली का. हे तिन्ही झाल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका.

टप्पा ४: आता सामान

घर पक्कं झाल्यावर घरच्यांना फोन करून सांगायचं, काय आणा आणि काय ठेवून या. सामान ट्रकनं चेन्नईला आणि तिथून मालवाहू जहाजानं जातं. तीन-चार आठवडे सहज लागतेत, कधी जास्त. तोपर्यंत भागेल एवढं विमानात सोबत.

ठेवून या: लाकडी भुशाचं फर्निचर, ते तिथल्या दमटीत फुगतं आणि सुटतं. चामड्याच्या चपला-बूट, बुरशी धरतेत. पैठणी आणि जरीच्या साड्या, जर काळी पडते. माझी लग्नातली मी नेली आणि दोन पावसाळ्यात काठ गेला, तुम्ही माहेरी कपाटात ठेवा. गोधड्या दोनच, थंडी नाहीच तिथं.

घेऊन या: स्टीलचे आणि प्लास्टिकचे घट्ट झाकणाचे डबे, जेवढे असतील तेवढे. कागदपत्रांसाठी हवाबंद डबा आणि त्यात टाकायला सिलिका जेलच्या पुड्या. सुती कपडे. मच्छरदाण्या, प्रत्येक पलंगाला एक.

गाडी पाठवायची असेल तर टाकी रिकामी करा, चेनला भरपूर ग्रीस लावा, आणि पोचल्या दिवशी गोड्या पाण्यानं धुवा.

आता ज्वारी, कारण सगळ्यात जास्त फोन ज्वारीचेच येतेत. बाजारात तांदूळ, गहू मिळतो, ज्वारी सहज मिळत नाही. लोक काय करतेत, गावाकडून दहा-वीस किलो पीठ दळून नेतेत. दमट हवेत ते पीठ पंधरा दिवसात जाळी धरतं, कडवट होतं, आणि सगळं फेकावं लागतं. पीठ न्यायचं नाही, धान्य न्यायचं. निघायच्या आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरलं की आत घाम सुटतो. कडुलिंबाचा पाला वाळवून मधी मधी टाका. आणि दळायचं कसं? गिरणीवाला मूठभर ज्वारीसाठी पाट फिरवत नाही, म्हणून जमलं तर घरघंटी न्या. आमच्या ओळखीच्या चार घरात मिळून एकच घरघंटी आहे आणि ती पुरते. एका वेळी आठ दिवसाचंच दळा.

शेंगदाणे फ्रिजमधी, बाहेर ठेवले की खवट होतेत, आणि बुरशी आलेला दाणा धुऊन वापरायचा नाही, सरळ फेकायचा. काळा मसाला, येसर पाव-पाव किलोच्या पुड्यात बांधा, एक संपली की दुसरी उघडा. कुरडया-पापड थोडेच, तिथं एकदा सादळले की परत वाळवायला तसलं ऊन मिळत नाही.

कांदा-बटाटा, डाळी, बराचसा किराणा मेनलँडवरून जहाजानं येतो, म्हणून भाव आपल्यापेक्षा जास्त आणि जहाज लांबलं की आणखी जास्त. पंधरा दिवसाचा किराणा कायम घरात ठेवायची सवय लावा. नारळ, केळी, पालेभाज्या तिथल्याच घ्या.

टप्पा ५: पहिले पंधरा दिवस

घड्याळ तेच, पण सूर्य वेगळा. लातूरपेक्षा तिथं सूर्य साधारण एक तास आधी उगवतो आणि एक तास आधी मावळतो. डिसेंबरमधी पाच वाजता अंधार. आपल्याकडं पाचला तर बाया दळण घेऊन निघतेत. त्यामुळं दिवसाची सगळी कामं मागं ओढावी लागतेत, पहाटे पाचला उठा, बाजार सकाळी, लेकरांचं खेळणं चारच्या आत. हे नाही केलं तर महिनाभर वाटत राहतं की दिवस पुरतच नाही आणि मन उदास होतं. मला ते झालं होतं, कारण कळायला वेळ लागला.

घाम फार येतो, पाणी जास्त प्या, लेकरांना लिंबू-मीठ-साखर द्या. कपडे सावलीत पंख्याखाली वाळवायची तयारी ठेवा, पाऊस मे-जूनपासून जवळपास डिसेंबरपर्यंत, जातानाच्या आणि परतीच्या दोन्ही मान्सूनचा येतो. कपाटं आठवड्यातून एकदा उघडून पंखा लावायचा.

समुद्रकाठी बारीक सँडफ्लाय चावतेत, खाजवलं की जखम होते. अंगाला खोबरेल तेल लावून जा, खाजवू देऊ नका.

इशारा: चिखलात, साचलेल्या पाण्यात, भाताच्या शेतात अनवाणी चालू नका. तिथं लेप्टोस्पायरोसिस आहे, उंदराच्या लघवीतून पाण्यात आणि पायाच्या चिरेतून अंगात. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. दोन दिवस वाट बघून मग जाऊ हा आपला स्वभाव तिथं चालत नाही.

टप्पा ६: धोक्याच्या वेळचा क्रम आधी ठरवा

किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, आमच्या भागातल्या प्रत्येक घरात त्याची आठवण आहे. त्यातून आपण शिकलो ते असं, जमीन हलली की घराबाहेर पळा, मोकळ्या मैदानात थांबा. अंदमानात एवढंच केलं तर जीव जाऊ शकतो. तिथं भूकंपानंतर समुद्र येतो, २६ डिसेंबर २००४ ला आलाच होता. मोकळं मैदान समुद्रकाठी असेल तर तेच सगळ्यात धोक्याचं. म्हणून घरातल्या प्रत्येकाला हा क्रम पाठ करून घ्या:

१. हलत असताना टेबलाखाली नाहीतर भक्कम आडोशाला, डोकं झाका.

२. थांबलं की बाहेर, आणि सरळ चढाकडं. धक्का जोरात होता किंवा बराच वेळ चालला तर भोंग्याची, फोनवरच्या मेसेजची वाट बघायची नाही, लाट यायला मिनिटंच मिळतेत.

३. समुद्र एकदम मागं हटलेला दिसला तर बघायला जायचं नाही. उलट्या दिशेला पळायचं.

४. पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरायचं नाही. पुढच्या लाटा तासांनी पण येतेत. प्रशासनानं सांगितल्यावरच.

घर घेतल्याच्या पहिल्या रविवारी लेकरांना घेऊन घरापासून उंचावरच्या जागेपर्यंत चालत जा, किती मिनिटं लागतेत मोजा. शाळेतून कुठं नेतेत ते शिक्षकांना विचारा.

मगर: खाडी, ओढ्याचं तोंड, तिवराची झाडी, तिथं खाऱ्या पाण्यातली मगर असते. पाटी लावलेली असली तर पाटीवर विश्वास ठेवा, आणि पाटी नसली तर तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. गोदावरीत पोहलेल्या माणसाला समुद्र येतोच असं नाही.

दवाखाना: शहरात गोविंद वल्लभ पंत हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. त्याच्या पलीकडचं काही लागलं तर चेन्नई नाहीतर कोलकाता. घरात हृदयाचं, किडनीचं दुखणं असलेलं माणूस असेल तर न्यायच्या आधी डॉक्टरांशी बोला, महिनाभराची औषधं कायम शिल्लक ठेवा आणि विमानाच्या अचानक तिकिटाएवढे पैसे वेगळे ठेवा. रक्तगट लिहून रुग्णालयात रक्तदाता म्हणून नाव द्या. बेटावर रक्त शेजारच्या जिल्ह्यातून मागवता येत नाही, जे आहे ते तिथल्याच माणसांचं.

लहान बेटावर पोस्टिंग असेल तर रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्क गेलं की फोनवरचं पेमेंट आणि एटीएम दोन्ही बंद. २०२० मधी चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून शहरात इंटरनेट बरंच सुधारलंय, पण आत गेलं की परिस्थिती वेगळी.

टप्पा ७: माणसात मिसळणं, आणि ते कोणत्या क्रमानं

लोक हा टप्पा शेवटी ठेवतेत, सगळं लागी लागलं की बघू म्हणतेत. मी खाली लिहिलाय कारण सांगायला वेळ लागतो, सुरुवात मात्र सामान उतरवता उतरवताच करायची. बेटावर शेजारी म्हणजे नोटीस बोर्ड आहे. आज नळ येणार का, जहाज लागलं का, कांदा कुठं उतरला, उद्याची बोट रद्द झाली का, हे सगळं पेपरात यायच्या आधी गल्लीत कळतं. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही फक्त तीन मराठी घरात जायचो-यायचो. हे लिटल अंदमानला कामाला गेले होते, हवामान बिघडलं, बोट रद्द, चार दिवस तिकडंच. त्याच चार दिवसात पाण्याची वेळ बदलली. सगळ्या गल्लीला माहीत, मला नाही. नळ रात्री अकराला येऊन गेला आणि मी पहाटे चारला उठून मोटर लावली, कोरडी. तळमजल्यावरच्या तमिळ अक्कांनी न विचारता आपल्या टाकीतून पाइप सोडला. तोपर्यंत मला त्यांचं नाव माहीत नव्हतं, ह्याची अजून लाज वाटते.

पहिला आठवडा: वरचं, खालचं, दोन्ही बाजूचं, चार घरात जाऊन ओळख करून घ्या, रिकाम्या हातानं नाही. शेंगदाण्याचे लाडू, धपाटे काहीही चालतं, तिखट मात्र हात राखून. हिंदीत बोला. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांचीकडून आलेले, बर्मेहून आलेले करेन, सगळे आपसात हिंदीच बोलतेत, आणि आपली मराठवाड्याची हिंदी तिथं चांगली चालते, व्याकरणाची काळजी करू नका. दादा, दीदी, अण्णा, अक्का म्हणा.

बोलताना तीन गोष्टी टाळा. एक, गावाकडं निघालात तर "इंडियात जाऊन येतो" म्हणायचं नाही, ते पण भारतातच राहतेत. मेनलँड म्हणायचं. दोन, काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आलो असली थट्टा करायची नाही, आणि कुणाचे आजोबा कैदी होते का असं विचारायचं तर अजिबात नाही. स्वतःहून सांगितलं तर शांतपणे ऐका. तीन, शेजारी मासे शिजत असले तर नाकाला पदर लावू नका. तुम्ही माळकरी असाल तर सरळ सांगा, लोक लक्षात ठेवून तुमच्यासाठी वेगळं ताट काढतेत, माझ्या सासूबाई आल्या तेव्हा काढलं.

पहिले तीन महिने: एकच काम अंगावर घ्या. किनारा सफाई असते, शाळेची पालक सभा असते, देवळात नाहीतर चर्चमधी जेवण असतं. जाऊन काम मागायचं, भाषण नाही. "आमच्याकडं असं करतेत" हे वाक्य पहिलं वर्षभर तोंडातून काढू नका, ऐकणाऱ्याला ते बरं वाटत नाही.

दुर्गापूजा: गल्लीतली सगळ्यात मोठी संधी हीच. महिनाभर आधी पावती पुस्तक घेऊन पोरं येतेत. वर्गणी द्या, आणि तिथंच विचारा की भाजी चिरायला, पंगत वाढायला, चपलांजवळ थांबायला माणूस पायजे का. पंगत वाढणं आपल्याला सप्त्यापासून येतं, हरिनाम सप्त्यात हजार माणसाला वाढलेला हात तिथं लगेच ओळखला जातो. आम्ही दुसऱ्या वर्षी खिचडी वाढली आणि तिसऱ्या वर्षी मला कोठीच्या किल्ल्या दिल्या.

गणपती: मराठी घरं मिळून बसवतेत, नक्की जा. गणेशोत्सव गल्लीचा करायचा असेल तर दुर्गापूजेत एकदा राबल्यावरच विषय काढा, मग तीच माणसं मंडप बांधायला येतेत. मूर्ती गावाकडून विमानात नेऊ नका, हात-सोंड तुटते. दुर्गेची मूर्ती करणारे बंगाली मूर्तिकार मातीचा गणपती छान करतेत, दोन महिने आधी सांगा आणि सोंड कुठल्या बाजूला पायजे ते चित्र काढून द्या. मूर्ती लहान आणि मातीचीच, विसर्जन नगरपालिका सांगेल तिथं नाहीतर घरी बादलीत. जवळच प्रवाळ असतं, प्लास्टर आणि रंग त्यात सोडायचे नाहीत.

तपासा: सहा महिन्यांनी स्वतःला विचारा, रात्री दोन वाजता मी न लाजता कुणाचं दार वाजवू शकते? दोन मराठी नसलेली नावं आली नाहीत तर ह्या टप्प्यावर परत या.

मतदान: जास्त वर्षं राहायचं असेल तर फॉर्म ८ भरून नाव तिकडं हलवा. तिथं विधानसभा नाही, आमदार नाही, एक खासदार आणि खाली नगरपालिका नाहीतर पंचायत. म्हणून नळाची, दिव्याची तक्रार घेऊन आमदाराचा पीए शोधत बसू नका, वॉर्डाच्या सदस्याकडं नाहीतर पंचायतीत जा, लेखी द्या, पोच घ्या. गल्लीतल्या पाच घरांच्या सह्या असल्या तर लवकर हलतं.

टप्पा ८: गावाकडून पाहुणे यायला लागले की

डिसेंबर लागला की येतेतच. येण्याआधीच फोनवर सांगून ठेवा: माणशी पाच किलो ज्वारी, आणि पाण्याचा वापर बादलीनं, शॉवर नाही.

मध्य अंदमानाकडं ट्रंक रोडनं जाताना जारवा ह्या आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागतं. गाड्या जिरकाटांगपासून ठरलेल्या वेळेला ताफ्यानं सुटतेत. काच बंद, मोबाइल खिशात, थांबायचं नाही, फोटो नाही, बिस्किट-केळी काही द्यायचं नाही. तुरुंगापर्यंतची शिक्षा आहे. आणि शिक्षेच्या आधी हा विचार करा, आपल्या साध्या सर्दी-गोवरानं पण त्या माणसांचा जीव जाऊ शकतो. पाहुण्यांना निघायच्या आदल्या रात्री हे बसवून सांगा, गाडीत बसल्यावर कुणी ऐकत नाही.

किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा, शंख-शिंपले उचलायचे नाहीत, मेलेलं वाळूत पडलेलं असलं तरी नाही. वन्यजीव कायद्यात येतं आणि विमानतळावर बॅगा तपासतेत. शंखाची वस्तू न्यायचीच असेल तर परवाना असलेल्या दुकानातून, पावतीसकट. पाहुणे निघायच्या आधी लहान लेकरांचे खिसे आणि खेळण्यांच्या पिशव्या घरीच उलट्या करून बघा, आणि निघालेले शिंपले संध्याकाळी परत त्याच किनाऱ्यावर सोडून या.